पोलो जीटीला रुंद चाकं बसवताना: टायर घासू नये म्हणून काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

दुकानात गाडी सपाट फरशीवर उभी असते, स्टिअरिंग सरळ असतं आणि आत कोणी बसलेलं नसतं. अशा गाडीला कुठलंही चाक बसतं. घासतं ते नंतर. मागे तिघं बसले, डिकी भरली, वळणावर खड्डा आला की मग.

मी स्वतः हा धडा पैसे मोजून शिकलो. ‘बिनधास्त घ्या, काही घासत नाही’ असं दुकानदार म्हणाला आणि मी ७.५ जे रुंदीचे, ईटी ३५ चे रिम २१५ च्या टायरसकट घेऊन आलो (जे आणि ईटी म्हणजे काय ते टप्पा २ मध्ये). आठवडाभर एकटाच ऑफिसला जात होतो, कुठे आवाज नाही. मग पाच जण कोल्हापूरला निघालो. खंबाटकी उतरून सुरूरला चहाला थांबलो तर मागच्या डाव्या टायरच्या खांद्यावर करवतीने काढावी तशी सरळ खाच पडलेली. मडगार्डच्या आतल्या काठाला रबराची काळी साल गुंडाळली होती, शार्पनरमधून पेन्सिलची निघते तशी. पुढचा सगळा प्रवास ५० च्या वेगाने आणि घरच्यांची बोलणी खात झाला.

म्हणून खालचा क्रम. यातलं मोजमाप पैसे देण्याआधी करायचं आहे, आणि तेही गाडी दबलेली व स्टिअरिंग वळलेलं असताना. हिशेबासाठी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेतली आहे, १८५/६० आर१५ टायरवाली, म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १५ इंची. नंतरच्या जीटीला १९५/५५ आर१६ आले. तुमची ती असेल किंवा गाडीच वेगळी असेल, तर आकडे बदला, क्रम तोच ठेवा.

टप्पा १: आहे त्या चाकांवर गाडी तपासा

जुन्या गाडीत निम्मी घासाघीस चाकामुळे नसतेच. बसलेलं स्प्रिंग, फाटलेला लोअर आर्मचा रबरी बुश, खिळखिळा स्ट्रट माउंट (शॉकअबसॉर्बर-स्प्रिंगच्या खांबाचा वरचा आधार), ढिला व्हील बेअरिंग यांपैकी काहीही असलं तर चाक जागच्या जागी चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे होतं. रुंद चाकाला तुमच्याकडे शिल्लक जागाच तेवढी असते.

चारही कोपऱ्यांत हबच्या (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत उंची मोजा आणि लिहून ठेवा. डाव्या-उजव्यात १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी सस्पेंशनचं काम करा. चाकं कुठे पळून जात नाहीत.

मडगार्डच्या आतल्या प्लास्टिक लायनरवरून हात फिरवा. गुळगुळीत, चमकलेला पट्टा लागला तर मूळचंच चाक तिथे घासतंय.

कागदपत्रांचंही आत्ताच बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. त्यामुळे तुमच्या मॉडेलला कंपनीने मान्य केलेल्या मापाच्या शक्य तितकं जवळ राहा, शंका असेल तर आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. टायर बॉडीच्या बाहेर डोकावेल असा बेत असेल तर तो इथेच सोडून द्या.

टप्पा २: मूळ चाकावरचे आकडे वाचा

चाक काढून उलटं करा. मागच्या बाजूला, बहुतेक वेळा आऱ्यांच्या पाठीवर, ‘६ जे × १५ ईटी ४०’ अशा धर्तीचं काहीतरी उमटवलेलं असतं. ६ जे म्हणजे टायर जिथे बसतो त्या दोन कडांमधली रुंदी, इंचांत. ईटी म्हणजे ऑफसेट: रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे ते. पोलोचा पीसीडी ५×१०० (पाच बोल्ट, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर), मधलं भोक ५७.१ मिलिमीटर, बोल्ट एम१४×१.५.

ईटीबद्दल सगळ्यांचा घोळ होतो, म्हणून एकदाच पाठ करून टाका: ईटीचा आकडा जितका लहान, तितकं चाक बाहेर. ईटी ४५ चं चाक आत ओढलेलं, ईटी ३० चं बाहेर आलेलं.

सेकंडहँड रिमवर आकडे नसले तर स्वतः मोजा. रिम पालथी घालून मागच्या कडांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबच्या टेकणीपर्यंतची खोली मोजा. नंतर रिमची बाहेरून-बाहेर पूर्ण रुंदी घ्या. खोलीतून या पूर्ण रुंदीचा निम्मा आकडा वजा केला की ईटी मिळतो.

सावध: बाहेरून-बाहेर मोजलेली रुंदी ‘जे’पेक्षा साधारण एक इंच जास्त भरते, कारण रिमच्या कडांची जाडी तिच्यात येते. आठ इंच मोजलं म्हणून आठ जे समजू नका, ते सात जे असतं.

टप्पा ३: कागदावर हिशेब

सूत्र सोपं आहे. ‘जे’ला २५.४ ने गुणून निम्मं करा. त्यात ईटी मिळवला की चाक आत किती जातं ते कळतं, आणि वजा केला की बाहेर किती येतं ते.

६ जे, ईटी ४०: निम्मी रुंदी ७६.२. आत ११६.२, बाहेर ३६.२.

७ जे, ईटी ३८: निम्मी रुंदी ८८.९. आत १२६.९, बाहेर ५०.९.

७.५ जे, ईटी ३५ (माझं कोल्हापूरचं चाक): निम्मी रुंदी ९५.२५. आत १३०.२५, बाहेर ६०.२५.

मूळच्या तुलनेत मधलं चाक आत १०.७ आणि बाहेर १४.७ मिलिमीटर सरकतं. माझं चाक बाहेर तब्बल २४ मिलिमीटर आलं होतं. हे तीन ओळींचं गणित मी तेव्हा केलं असतं तर सुरूरचा चहा गोड लागला असता.

आता टायरची उंची. १८५/६० आर१५ चा पूर्ण व्यास ६०३ मिलिमीटर. २०५/५० आर१६ चा ६११.४, म्हणजे सुमारे १.४ टक्के मोठा. टायर मडगार्डच्या छताकडे ४ मिलिमीटर सरकेल आणि गाडीचा वेग काट्याच्या मानाने १.४ टक्के वाढेल. एवढं चालतं. २०५/४५ आर१७ घेतलात तर ६१६.३, वाढ २.२ टक्के. तेही बसू शकतं, पण आपल्याकडच्या खड्ड्यांत ४५ ची साइडवॉल रिम किती दिवस वाचवेल याचा विचार करा. माझं मत विचाराल तर या गाडीला १६ इंच पुरे. १७ इंच फोटोत छान दिसतात.

चारही टायरांचा व्यास एकच हवा. एबीएस (ब्रेकमध्ये चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी) चाकांचे वेग एकमेकांशी ताडून काम करतात. पुढे एक, मागे दुसरं असं करू नका.

टप्पा ४: गाडीवर जागा मोजा

लोक सगळ्यात जास्त टाळतात तो हाच टप्पा, म्हणून इथे जरा थांबून.

पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअबसॉर्बर आणि स्प्रिंगचा एकच उभा खांब, आणि मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई. पुढे तीन ठिकाणी जागा कमी पडते: आत स्ट्रट आणि स्प्रिंगची वाटी, पूर्ण वळवल्यावर लायनरचा पुढचा-मागचा भाग, आणि बंपर मडगार्डला जिथे मिळतो तिथला स्क्रू. मागे त्रास एकाच जागी होतो, मडगार्डच्या आत वळवलेल्या पत्र्याच्या काठाला. गाडी भरली की तो काठ टायरवर उतरतो.

आधी साधं मोजमाप, मूळ चाकं लावूनच. मडगार्डच्या सर्वांत वरच्या बिंदूवरून ओळंबा सोडा. गवंड्याचा नसला तर दोऱ्याला नट बांधून चालतं. दोरी आणि टायरचा सगळ्यात फुगीर भाग यांच्यातलं आडवं अंतर मोजा. नव्या चाकाची बाहेरची वाढ, आपल्या उदाहरणात १४.७, त्यातून वजा करा. आत हात घालून पुढच्या टायर आणि स्ट्रटमधली फटही मोजा. पट्टी जात नसेल तर ॲलन की फीलरसारख्या सरकवून बघा. १० ची गेली आणि १२ ची अडली, तर फट ११ च्या आसपास.

आता गाडी दाबायची. साधारण १०० मिलिमीटर उंचीचे दोन भक्कम लाकडी ठोकळे घ्या, टायरपेक्षा रुंद. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक त्यांवर चढवा. तिरकी उभी राहिली की गाडी त्या दोन कोपऱ्यांत दबते. हँडब्रेक ओढा, खालच्या चाकांना दगड लावा, घरातली चार माणसं आत बसवा. डिकीत २० लिटरचे पाण्याचे भरलेले चार जार ठेवा, हे झाले ८० किलो.

सावध: विटा वापरू नका, त्या न सांगता फुटतात. आणि गाडी ठोकळ्यांवर असताना कोणीही खाली जायचं नाही. जे मोजायचं ते बाहेरून.

हात आत पोचत नाहीत तिथे शाडूची माती. गणपतीची उरलेली असेल तर तीच ओली करून, नाहीतर पोरांची क्ले. बोराएवढे गोळे स्प्रिंगच्या वाटीखाली, लायनरच्या पुढे-मागे, मागच्या पत्र्याच्या काठावर चिकटवा. कोणाला तरी स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. नंतर गोळे काढून त्यांची जाडी मोजा. टायरने दाबलेला गोळा जितका जाड राहिला तितकी तिथली कमीत कमी जागा. गोळ्याला टायर लागलाच नसेल तर तिथे निदान गोळ्याएवढी जागा आहे. मग दुसरी तिरकी जोडी: पुढचं उजवं, मागचं डावं.

माझे नियम असे: नवं चाक धरून हिशेब केल्यावर स्ट्रटकडे ६ मिलिमीटर उरायला हवेत, मागच्या काठाकडे गाडी दबलेली असताना १० हवेत. वळणात टायर स्वतःही वाकतो आणि बुश दबतात, म्हणून ही सोय. यापेक्षा कमी उरत असेल तर ‘जे’ कमी करा. ईटी इकडेतिकडे करून गणित जुळवायला गेलात तर एका बाजूची अडचण दुसरीकडे जाते, एवढंच.

टप्पा ५: टायर निवडा

टायरवर छापलेली २०५ ही ढोबळ रुंदी. प्रत्यक्षात फुगवल्यावर तो २१० ते २२० पर्यंत काहीही भरू शकतो. एकाच मापात दोन कंपन्यांचे खांदे वेगळे असतात, एकाचा गोल, एकाचा चौकोनी. चौकोनी खांद्याचा टायर त्याच मापात आधी घासतो. रिम अर्धा इंच रुंद केला की टायरची रुंदी साधारण ५ मिलिमीटरने वाढते, हेही धरा.

लोड इंडेक्स मूळपेक्षा कमी घेऊ नका. ८४ म्हणजे एका टायरमागे ५०० किलो, ८७ म्हणजे ५४५ किलो. दुकानात माप सगळे विचारतात, हा आकडा कोणी विचारत नाही.

अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवायची एक फॅशन आहे. घासणं टळतं हे खरं, पण खड्ड्यात रिमची कड थेट आपटते आणि टायर कडेवरून सुटण्याचा धोका वाढतो. मी कोणाला सुचवणार नाही.

टप्पा ६: एकच चाक लावून बघा

ऑर्डर देण्याआधी दुकानदाराशी बोलून घ्या: आधी एक रिम बिनटायरचा लावून बघणार, मग एका रिमवर टायर चढवणार, आणि बसलं तरच चार घेणार. टायर चढवला की रिमवर खुणा पडतात आणि मग तो परत घेत नाहीत, म्हणून बिनटायरची फेरी आधी. जो याला तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

रिकामा रिम पुढे लावून हाताने फिरवा. ब्रेक कॅलिपर आणि आऱ्यांच्या पाठीत निदान ३ मिलिमीटर हवेत. चिकटवायची बॅलन्सिंगची वजनं आतल्या बाजूला येणार असतील तर त्यांची जाडीही धरा. ‘सगळं बसतंय’ म्हणून खूश होऊन घरी आल्यावर कॅलिपरने वजनं खरवडून टाकलेली मी पाहिली आहेत.

मग टायर चढवलेलं तेच चाक चारही जागी लावून टप्पा ४ ची तिरकी कसरत पुन्हा. कंटाळा येतो. करा.

टप्पा ७: बोल्ट, रिंग, स्पेसर

घासण्यापेक्षा ही चूक भयंकर, आणि ती दिसत नाही.

फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचा टेकणारा भाग गोल असतो. बाहेरच्या बहुतेक अलॉयना शंकूसारखा, ६० अंशांचा बोल्ट लागतो. शंकूच्या खळग्यात गोल बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण धरतो फक्त एका बारीक रेषेवर आणि मग ढिला होत जातो. नव्या रिमचा खळगा बोटाने चाचपून बघा आणि त्याच आकाराचे बोल्ट घ्या.

लांबी: बोल्ट हाताने फिरवून निदान साडेसात आटे आत जायला हवेत. फार लांबही नको. या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत. लांब बोल्ट आतल्या भागांना टेकू शकतो. मागची चाकं लावल्यावर हवेत हाताने फिरवून बघा. एका लयीत ‘टक-टक’ आलं तर थांबा.

बाहेरच्या रिमचं मधलं भोक बहुधा ५७.१ पेक्षा मोठं असतं. मधे त्या मापाची हब रिंग टाका, नाहीतर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बिचाऱ्या बॅलन्सिंगवाल्याशी भांडतात.

स्पेसर (हब आणि चाकाच्या मधे घालायची चकती) आतली जागा वाढवतो आणि बाहेरची तेवढीच खातो. स्ट्रटला दोन-तीन मिलिमीटर कमी पडत असतील तर ५ चा स्पेसर ठीक, पण बोल्टही ५ मिलिमीटर लांब हवेत आणि हबच्या गळ्याला रिंग अजून धरते का ते बघायला हवं. त्याहून जाड स्पेसर लागत असेल तर चाकच चुकीचं निवडलंय.

आवळताना ताऱ्याच्या क्रमाने, टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर. एअर गनने ‘खर्रर्र’ करून दिलेलं चालवून घेऊ नका.

टप्पा ८: रस्त्यावर, भरलेल्या गाडीत

टायरच्या दोन्ही खांद्यांवर खडूने आडव्या रेघा मारा, हातभर अंतराने. माणसं आणि जार पुन्हा आत. आधी सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प: स्टिअरिंग पूर्ण वळवून तिरकं, अगदी हळू चढा आणि उतरा. एक चाक दबलेलं आणि वळलेलं, दोन्ही एकाच वेळी. यापेक्षा कठोर परीक्षा शहरात दुसरी नाही. मग उंच स्पीड ब्रेकर, २०-२५ च्या वेगाने. शेवटी उलटं, रिव्हर्समध्ये दोन्हीकडे पूर्ण वळवून.

काचा खाली, एसी आणि गाणी बंद. लायनरला घासलं की खसखस असा आवाज येतो, पत्र्याला घासलं की खर्र असा छोटा आणि जळक्या रबराचा वास.

उतरून रेघा बघा. आतल्या रेघा पुसल्या असतील तर स्ट्रट किंवा लायनर, बाहेरच्या पुसल्या असतील तर मडगार्डचा काठ.

टप्पा ९: घासलंच तर, या क्रमाने

लायनर: हीट गनने मऊ करून मागे दाबा, थंड होईपर्यंत धरून ठेवा. दहा मिनिटांचं काम. कापून फेकू नका, पावसाळ्यात चिखल थेट वायरिंगवर उडतो.

स्क्रू: बंपरजवळचा टोकदार असेल तर चपट्या डोक्याचा लावा, टोक आत राहील असा.

टायर: १९५ ची रुंदी घ्या. याला माघार समजू नका. आपल्या ७ जे रिमवर १९५/५५ आर१६ चालतो, फक्त ७ जे ही त्याची वरची मर्यादा. मात्र त्याचा व्यास ६२०.९ आहे, मूळ १८५/६० आर१५ पेक्षा ३ टक्के जास्त, म्हणून वरची जागा पुन्हा मोजा.

पत्र्याचा काठ वळवणं: हे सगळ्यात शेवटी. रोलर हबला लावतात, हीट गनने रंग हाताला चांगला गरम लागेपर्यंत तापवत काठ थोडा-थोडा वर मुडपतात. हातोडीने ठोकणाऱ्याला हात लावू देऊ नका. मुडपल्यावर काठाला प्राइमर आणि अंडरकोट मारलाच पाहिजे. रंगाला केसाएवढी चीर गेली तरी कोकणात दोन पावसाळ्यांत तिथे गंज येतो, पुण्यात चार.

कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) देऊन सोडवू, असं कोणी म्हणालं तर विचारा, कुठून? या गाडीत कॅम्बर बदलायची मूळची सोय पुढे नाही आणि मागे टॉर्शन बीमला तर नाहीच. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे बफर घालणं हाही मार्ग नाही, त्याने फक्त गाडी कडक होते आणि मागच्या माणसांची पाठ दुखते.

आणि चाकं रुंद करणं व गाडी खाली बसवणं ही दोन कामं एकाच दिवशी करू नका. घासलं तर कशामुळे, हे कळायचा मार्ग राहत नाही.

टप्पा १०: पहिले ५०० किलोमीटर

अलाइनमेंट करून घ्या आणि निकालाचा कागद जपून ठेवा. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवरच्या किंवा इंधनाच्या झाकणावरच्या आकड्यापासून सुरू करा, भरलेल्या गाडीचा आकडा भरलेल्या गाडीला. दाब कमी असला की साइडवॉल जास्त फुगते आणि न घासणारा टायर घासायला लागतो.

८० ते १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. नवीन अलॉयवर ते थोडे बसतात. ५०० नंतर गाडी जॅकवर घेऊन चारही टायरांच्या आतल्या खांद्यावरून, जिथे नजर जात नाही तिथे, पूर्ण फेरी बोट फिरवा. कापडासारखं खरखरीत लागलं तर टप्पा ४ वर परत या. ओळंबा कुठे ठेवलाय तेवढं लक्षात असू द्या.